दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, वीस वर्षांची वाट: फिलिपिनो कामगार आणि त्यांची घरं

केवडा (धागाकर्ती)
रविवार, रात्री 9:40

हाँगकाँगच्या सेंट्रल भागात रविवारी चेटर रोड गाड्यांना बंद असतो. बँकांच्या इमारतींखाली, पादचारी पुलांवर, भुयारी वाटांच्या तोंडाशी पुठ्ठे अंथरून हजारो फिलिपिनो बायका बसलेल्या असतात. कुणी नखं रंगवतंय, कुणी डब्यातलं आदोबो वाढतंय, चार जणी मिळून नाचाची तालीम करतायत, बाजूला एक जण भल्यामोठ्या खोक्यावर गुडघा टेकवून चिकटपट्टी मारतेय. भारतातून आलेले पाहुणे हमखास विचारतात, "आज काही सण आहे का?" सण कसला, साप्ताहिक सुट्टी! घरकामाला आलेल्या परदेशी बाईने मालकाच्याच घरी राहिलं पाहिजे, असा इथे 2003 पासून नियम आहे. घरं इवलीशी. कुणी मुलांच्या खोलीत झोपतं, कुणी स्वयंपाकघरालगतच्या फळीवर. सुट्टीच्या दिवशी घरात थांबलं की काम मागे लागतंच, त्यापेक्षा रस्ता बरा.

साडेतीन लाखांहून जास्त परदेशी घरकामगार आहेत इथे, त्यात निम्म्याहून जास्त फिलिपिनो. लिफ्टमध्ये, मासळीबाजारात, शाळेच्या बसथांब्यावर बोलणं होतं. "घरी कधी जाणार कायमची?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "वन मोर कॉन्ट्रॅक्ट, मॅम." एक कॉन्ट्रॅक्ट म्हणजे दोन वर्षं. आमच्या समोरच्या फ्लॅटमधली बाई पहिल्यांदा आली तेव्हा तिची मुलगी रांगत होती. ती मुलगी आता इलोइलोला नर्सिंग शिकतेय. आई अजून "वन मोर"वरच आहे.

छळाच्या बातम्या आपण वाचतो, त्यावर हळहळतोही. मला त्याबद्दल लिहायचं नाहीये. जिला मालक बरा मिळाला, पगार वेळेवर मिळाला, ती तरी ठरल्या वेळी परत का जात नाही? आखातात, सिंगापुरात, बोटींवर असलेल्यांनी आपापलं सांगा.

-----

गणिती_गण्या
रविवार, रात्री 10:15

पगार किती असतो? राहणं-जेवण मालकाकडे असेल तर शिल्लक बरीच पडायला हवी. पाच वर्षांत गाठीला काहीच नाही हे पटत नाही.

-----

केवडा
रविवार, रात्री 10:52

@गण्या, किमान पगार सरकार ठरवतं. 2024 च्या सप्टेंबरअखेरपासून तो 4,990 हाँगकाँग डॉलर होता, म्हणजे आपले पन्नास हजारांच्या वर. कागदावर तुझा हिशोब बरोबर आहे. आता खर्चाची बाजू बघ.

फिलिपिन्सच्या 2006 च्या नियमाप्रमाणे घरकामगार बाईकडून एजंटाने नोकरी लावायचे पैसे घ्यायचेच नाहीत. मग ते प्रशिक्षण, वैद्यकीय तपासणी, वसतिगृह अशा नावांनी घेतात. बाई विमानात चढते तीच कर्ज घेऊन. पहिले कितीतरी महिने पगार त्या हप्त्यांतच जातो.

त्यातून मान मोकळी झाली की घर. तिकडे घर एकदम बांधत नाहीत. पहिल्या कॉन्ट्रॅक्टमध्ये जागा नि पाया, दुसऱ्यात सिमेंटच्या ठोकळ्यांच्या भिंती, तिसऱ्यात स्लॅब. समोरच्या बाईने फोनवर फोटो दाखवला होता: भिंतींना गिलावा नाही, वरून गंजलेल्या सळया आलेल्या, खाली दारात मात्र चकचकीत पांढऱ्या फरशा. फरशा आधी का? तर नाताळला पाहुणे येणार होते.

मध्येच वादळ येतं आणि पत्रे उडवून नेतं. धाकट्या भावाची फी भरायची असते. वडिलांचं डायलिसिस निघतं. ती घरातली एकटी डॉलर कमावणारी, त्यामुळे चुलतभावाच्या बायकोचं बाळंतपणही तिच्याच खात्यावर. नाही म्हणायची सोय नसते, कारण ती निघाली तेव्हा यांच्यापैकीच कुणीतरी रेडकू विकून पैसे दिलेले असतात.

-----

मालवणी_झील
रविवार, रात्री 11:05

शेवटचा परिच्छेद वाचून आमच्या वाडीतली माणसं आठवली. गिरणीतला चाकरमानी मनीऑर्डर पाठवायचा, गावाकडे घराचा पडवीपुरता भाग बांधून व्हायचा आणि तो स्वतः परळच्या खोलीत नऊ जणांत झोपायचा. पण तो निदान गणपतीला नि शिमग्याला यायचा हो.

-----

टवाळ_कार्टं
रविवार, रात्री 11:20

अवांतर: कर्जाचा विषय निघालाच आहे तर. फिलिपिन्सच्या गल्लीबोळांत मोटारसायकलवरून व्याजाचे पैसे गोळा करत फिरणारे सावकार बरेचदा आपलेच देशबांधव असतात. धंद्याचं नाव 'फाइव्ह-सिक्स': पाच घ्या, सहा द्या. आणि तिथे कुठल्याही भारतीयाला सरसकट 'बुंबाय' म्हणतात, मग तो जालंधरचा का असेना. मुंबईचं नाव कुठल्या कुठे पोचलंय बघा. :)

-----

खलाशी_रत्नांग्री
सोमवार, पहाटे 5:30

बोटीवरून लिहितोय, नेट आहे तोवर टंकतो.

वीसेक वर्षं दर्यावर आहे. पिनॉय, म्हणजे फिलिपिनो, क्रू नाही अशी बोट मला क्वचितच मिळाली. बोसन (खलाशांचा मुकादम), एबी (अनुभवी खलाशी), फिटर, चीफ कुक, मेसमन सगळे तेच. आता अधिकारीही भरपूर. कामाला वाघ, आणि संध्याकाळी क्रू मेसमध्ये कॅराओकेचा माईक सोडत नाहीत.

त्यांच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये एक गोष्ट आपल्यापेक्षा वेगळी आहे. मूळ पगाराच्या किमान 80 टक्के रक्कम दर महिन्याला थेट घरी पाठवावीच लागते. अलॉटमेंट म्हणतात. म्हणजे माणूस बोटीवर चढण्याआधीच त्याचा पगार बायकोच्या खात्यात वळलेला. हातात उरतो तो ओव्हरटाइम. बायको खंबीर असली तर घर उभं राहतं. नसली, किंवा सासू-सुनेचं बिनसलं, तर नऊ महिन्यांनी साईन ऑफ होऊन गेलेल्या गड्याला कळतं की पासबुकात काही नाही. आमच्या एका बोसनच्या अलॉटमेंटवरून त्याची आई आणि बायको यांच्यात एवढं पेटलं की दोघी वेगवेगळ्या कंपनीला पत्रं लिहायच्या आणि कॅप्टन बिचारा दोन्ही वाचून दाखवायचा.

आणि घरी आला की पगार बंद. पुढची बोट मिळेपर्यंत स्टँडबाय. दोन महिने म्हणता म्हणता सहा होतात, केलेली बचत तेवढ्यात उडते, मग आधी मिळेल ती बोट धरायची. मनिलाला टी. एम. कलाव नावाच्या रस्त्यावर लुनेटा बागेच्या कडेला खलाशांचा बाजारच भरतो. एजन्सीची माणसं जागांचे फलक घेऊन उभी, पोरं फायली घेऊन फिरतायत. नवी पोरं तर एजन्सीच्या ऑफिसात 'युटिलिटी' म्हणून महिनोन्महिने फुकट राबतात: चहा दे, साहेबाची गाडी धू, कागद पोचव. का? तर कधीतरी बोटीवर पाठवतील या आशेवर. आपल्याकडे बेलापूरला बोगस एजंट पोरांकडून लाखो रुपये उकळतात, तिकडे त्यांच्याकडून बिनपगारी चाकरी करून घेतात.

-----

स्पष्टवक्ती
सोमवार, सकाळी 9:10

सगळं ठीक, पण एक कटू बोलू का? तान्ही मुलं टाकून दुसऱ्यांची मुलं सांभाळायला जायचं हे मला झेपतच नाही. मुलं आजीच्या अंगावर, नवरा मोकाट. मग मुलं बिघडली की रडायचं. पैसा म्हणजे सर्वस्व का?

-----

खलाशी_रत्नांग्री
सोमवार, सकाळी 9:45

ताई, माझा मुलगा जन्मला तेव्हा मी पनामाजवळ होतो. त्याचा पहिला वाढदिवसही मी बोटीवरच काढला. गावात मला कोणी "पोर टाकून गेला" म्हणालं नाही, उलट "घरासाठी राबतो हो" म्हणून सत्कार केला. फिलिपिन्समध्येही तसंच: बाप बोटीवर गेला तर कर्ता पुरुष, आई हाँगकाँगला गेली तर घर मोडलं. पगार दोघांचाही त्याच शाळेच्या फीत जातो.

-----

केवडा
सोमवार, सकाळी 10:30

@स्पष्टवक्ती, नवरा मोकाट म्हणालात म्हणून सांगते. फिलिपिन्समध्ये घटस्फोटाचा सर्वसाधारण कायदाच नाही. मुसलमानांसाठी वेगळी तरतूद आहे, बाकीच्यांना लग्न रद्दबातल ठरवून घ्यावं लागतं आणि त्याचा खर्च सामान्य बाईच्या आवाक्याबाहेरचा. मारकुट्या नवऱ्यापासून सुटायचं, मुलांचा खर्चही चालवायचा आणि गावाची तोंडंही बंद ठेवायची, तर परदेशी नोकरी ही एकच वाट उरते. "कामाला गेली" यावर कुणी बोट ठेवत नाही. ओळखीतल्या दोघी-तिघींनी हे मला सरळ सांगितलंय. अशी बाई दोन वर्षांनी परत कशाला जाईल?

मुलं सांभाळतं कोण, तर बहुतेक वेळा लोला, म्हणजे आजी, नाहीतर मावशी. आणि ज्यांना परवडतं ते कासामबाहाय ठेवतात, म्हणजे घरकामाला मुलगी. ती सामारसारख्या आणखी गरीब भागातून आलेली. इथल्या बाईचं मूल तिथली पोरगी वाढवते आणि त्या पोरीच्या घरी तिची भावंडं एकमेकांना वाढवतात. त्या कासामबाहायांसाठी 2013 मध्ये कायदा झाला, किमान पगार, सुट्टी वगैरे. त्यांना ते किती मिळतं हे आपण आपल्या धुणंभांडीवाल्या मावशींवरून ओळखायचं.

-----

धोंडोपंत
सोमवार, दुपारी 1:20

चर्चा घरापुरतीच राहतेय. यात सरकार नावाचा सगळ्यात मोठा एजंट आहे, त्याचं काय?

1973 ला तेल भडकलं. फिलिपिन्सला तेल विकत घ्यायला डॉलर हवेत आणि आखाताला बांधकामाला माणसं हवीत. राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोसने 1974 च्या कामगार संहितेत परदेशी माणसं पाठवणं हे सरकारचंच काम करून टाकलं. घरची अर्थव्यवस्था सावरेपर्यंतची ही तात्पुरती सोय होती. पन्नास वर्षं झाली. 1982 ला त्यासाठी स्वतंत्र प्रशासन निघालं, त्याच वर्षी फतवा निघाला की खलाशांनी 80 टक्के आणि घरकामगारांनी 50 टक्के कमाई सरकारमान्य बँकेतून घरी पाठवलीच पाहिजे, नाहीतर पासपोर्टचं नूतनीकरण नाही. हाँगकाँगच्या बायका त्यावर रस्त्यावर उतरल्या, 1985 ला दंडाची कलमं मागे घ्यावी लागली, आणि त्याच लढ्यातून त्यांची संघटना उभी राहिली. केवडाताई म्हणतात त्या रविवारच्या पुठ्ठ्यांवर नुसती नखंच रंगत नाहीत, मोर्चेही तिथेच ठरतात.

1988 ला राष्ट्राध्यक्षा कोरी अकिनो हाँगकाँगला जाऊन याच बायकांना "आधुनिक वीर" म्हणून आल्या. वीर म्हटलं की पेन्शनचा प्रश्न निघत नाही! 1995 ला सिंगापुरात फ्लोर कॉन्टेम्प्लासियन या घरकामगार बाईला खुनाच्या आरोपावरून फाशी झाली, तेव्हा देश पेटला, राजदूत परत बोलावला, आणि त्याच वर्षी स्थलांतरित कामगारांसाठीचा कायदा झाला. आता तर 2021 अखेरच्या कायद्याने त्यांचं वेगळं खातं आणि वेगळा मंत्री आहे. जाण्याआधी सक्तीचा वर्ग, विमानतळावर दाखवायचा परवाना, कल्याण निधीचे 25 डॉलर, सगळं शिस्तीत.

2024 ला बँकांमार्फत आलेला पैसा सुमारे 34.5 अब्ज डॉलर. भारतात याहून कितीतरी जास्त येतो, पण आपल्या अर्थव्यवस्थेत तो तीन-साडेतीन टक्के, त्यांच्याकडे आठ टक्क्यांच्या आसपास. जो पैसा दर महिन्याला न मागता येतो, तो आणणाऱ्याला परत बोलावण्याची घाई कुठल्या सरकारला असेल? परतणाऱ्यांसाठी शिवणकामाचे वर्ग नि छोटी कर्जं आहेत, पण पाठवायच्या यंत्रणेपुढे ती किस झाड की पत्ती.

-----

गणिती_गण्या
सोमवार, दुपारी 1:48

धोंडोपंत, जबरी प्रतिसाद. पण मग आपल्या सरकारने हात झटकलेत ते बरं का? आखातात घरकामाला जाणाऱ्या आपल्या बायकांना तिशीखाली परवानगी नाही, म्हणून त्या पर्यटक व्हिसावर जातात आणि अडकल्या की नोंदच सापडत नाही. फिलिपिनो बाई अडकली तर निदान तिची फाईल असते.

-----

धोंडोपंत
सोमवार, दुपारी 2:05

मान्य. 2018 ला कुवेतमध्ये एका फिलिपिनो बाईचं प्रेत शीतपेटीत सापडलं, तेव्हा राष्ट्राध्यक्ष दुतेर्तेने माणसं पाठवणंच थांबवलं आणि कुवेतला करार करावा लागला: पासपोर्ट मालकाने ठेवायचा नाही, फोन काढून घ्यायचा नाही. आपल्याकडून असा दम दिलेला माझ्या तरी ऐकण्यात नाही. त्यांची वकिलात दांडगी आहे यात वाद नाही. पण 2023 च्या जानेवारीत तिथेच आणखी एकीचा खून झाला.

-----

वाळूतला_पुणेकर
सोमवार, सायंकाळी 7:15

दुबईतून. इथे फिलिपिनो म्हणजे फक्त घरकामगार नव्हेत. रिसेप्शन, नर्स, ड्राफ्ट्समन, मॉलमधले विक्रेते, आमच्या ऑफिसचा अर्धा हिशोब विभाग. शिकलेली माणसं शिक्षणापेक्षा खालच्या कामाला असतात; आमच्या इमारतीच्या स्वागतकक्षात बसणारी मुलगी तिकडे शिक्षिका होती.

खोक्याचा उल्लेख झालाय, त्याबद्दल थोडं. बालिकबायान बॉक्स, म्हणजे घरी पाठवायच्या भेटवस्तूंचा. जहाजाने जातो, पोचायला महिना-दीड महिना. पैसे खोक्याच्या आकारावर, वजनावर नाही, त्यामुळे सूतभरही जागा रिकामी ठेवणं पाप. बुटांत मोजे, मोज्यांत चॉकलेटं, टॉवेलांच्या घडीत शाम्पू. कॉर्न्ड बीफचे डबे, साबण, कॉफी, लोशन, मुलांचे बूट. आमच्या हिशोब विभागातली एक जण ते खोकं तीन-चार महिने घराच्या कोपऱ्यात उघडं ठेवून भरत असते. प्रत्येक वस्तूवर मार्करने नाव. मी विचारलं, हे साबण तुमच्याकडे मिळत नाहीत का? मिळतात की, म्हणाली, गावातल्या मॉलमध्ये सगळं आहे. पण पैसे सगळ्यांचे मिळून एकत्र जातात, साबण प्रत्येकाच्या नावाचा जातो.

यावरून 2015 ला सरकारशी भांडण झालं होतं. कस्टम्सवाल्यांनी खोकी उघडून तपासायचं ठरवलं, तर जगभरच्या फिलिपिनोंनी एवढा दंगा केला की राष्ट्राध्यक्षांना माघार घ्यावी लागली. पुढच्या वर्षी करमाफीची मर्यादाच दीड लाख पेसोंवर नेली.

परत न जाण्याबद्दल: सौदीहून परतलेल्यांनी घेतलेल्या जीपनींवर (तिकडच्या प्रवासी गाड्या) 'कातास नांग सौदी' रंगवलेलं असतं, म्हणजे सौदीच्या कमाईचं फळ. पण एका गावात किती जीपनी चालणार? सगळेच जीपनी, किराणा दुकान नाहीतर डुकरं पाळतात. धंदा बसला की पुन्हा एजंटाकडे. आमचा एक ड्राफ्ट्समन असा दोनदा 'कायमचा' गेलाय. दोन्ही वेळा आम्ही निरोपाचा केक कापला.

-----

चिंगी_सिंगापूर
सोमवार, रात्री 9:30

मालकिणीच्या बाजूने लिहिते, मारू नका.

सिंगापुरात मदतनीस ठेवायची तर आम्हाला सरकारकडे 5,000 डॉलरची हमी द्यावी लागते. दर सहा महिन्यांनी तिची तपासणी, त्यात गर्भचाचणीही. गरोदर निघाली तर तिला परत जावं लागतं. इथल्या नागरिकाशी लग्न करायचं तर सरकारची परवानगी. या सगळ्यातून मालकीण आपोआप पोलीस होते. आमच्या ग्रुपवर बायका बिनदिक्कत विचारतात, "रविवारी सोडता का तुमच्या बाईला? बॉयफ्रेंड होतो हं." पस्तिशीची, दोन मुलांची आई असलेली बाई, आणि आम्ही ठरवणार तिने लकी प्लाझाला (फिलिपिनो जमतात त्या मॉलला) जायचं की नाही. आठवड्याची सुट्टी 2013 पासून कायद्यात आली, पण पैसे देऊन ती रद्द करून घेता यायची. महिन्यातली एक तरी सुट्टी द्यावीच लागेल, हा नियम 2023 चा.

आणि आपण मराठी लोक यात धुतल्या तांदळासारखे आहोत असं समजू नका. "आमच्याकडे घरच्यासारखी राहते" म्हणणाऱ्या घरी ती जेवायला सगळ्यांनंतर बसते. घरच्यासारखी म्हणजे घरच्या सुनेसारखी असावी बहुतेक.

-----

स्पष्टवक्ती
सोमवार, रात्री 9:58

शेवटच्या वाक्याला +१००. बाकी माझं मत आहे तिथेच आहे, पण नवऱ्यांनाही तोच न्याय लावते आता. खलाशीदादा, मुलगा केवढा झाला?

-----

खलाशी_रत्नांग्री
सोमवार, रात्री 11:40

बारावीला आहे. मर्चंट नेव्हीत जायचं म्हणतो. बायको दोन दिवस बोलली नाही त्याच्याशी.

-----

केवडा
मंगळवार, सकाळी 8:20

सगळ्यांचे आभार. हाँगकाँगपुरतं एक राहिलं. इतर परदेशी माणूस इथे सात वर्षं राहिला की कायमच्या वास्तव्याचा अर्ज करू शकतो. 1986 पासून इथे राबणाऱ्या एका फिलिपिनो बाईने तो हक्क मागितला, तर 2013 ला इथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की घरकामगाराचं राहणं हे 'सामान्य वास्तव्य' धरताच येत नाही. त्यात 1987 पासूनचा दोन आठवड्यांचा नियम: कॉन्ट्रॅक्ट तुटलं की दोन आठवड्यांत हाँगकाँग सोडायचं. म्हणजे आयुष्य इथे गेलं तरी हिशोब दोन-दोन वर्षांचाच, आणि तिकडे पन्नाशीच्या बाईला नोकरी कोण देणार? म्हणून ती "वन मोर" म्हणते.

-----

नवखा_हाँगकाँगकर
मंगळवार, सकाळी 11:00

छान धागा. एक व्यावहारिक प्रश्न. आमच्याकडच्या बाई आठ वर्षं आहेत. मुलं मोठी झाली, आम्ही पुढचं कॉन्ट्रॅक्ट करणार नाही आणि त्यांनाही आता घरीच जायचंय. एजन्सीवाला म्हणतो, त्यांच्याकडून राजीनाम्याचं पत्र घेऊन टाका, सोपं पडेल. काही अडचण?

-----

केवडा
मंगळवार, सकाळी 11:25

राजीनामा अजिबात घेऊ नका! सोपं तुम्हाला पडेल, तिला नाही. पाच वर्षं पूर्ण झालेल्या कामगाराचं कॉन्ट्रॅक्ट मालकाने पुढे वाढवलं नाही तर तिला दीर्घ सेवेची रक्कम मिळते: शेवटच्या महिन्याच्या पगाराचे दोन तृतीयांश गुणिले वर्षं. 4,990 पगार धरला तर आठ वर्षांचे साधारण 26,600 डॉलर. स्वतःहून राजीनामा दिला तर, आजारपण किंवा पासष्टी सोडून, काहीच मिळत नाही. एजंटांना हे पक्कं माहीत असतं. तेव्हा पत्र तुम्ही द्या, 'कॉन्ट्रॅक्टचं नूतनीकरण करत नाही' एवढंच लिहून. साचलेल्या रजेचे पैसे वेगळे. आणि तिकीट मनिलापर्यंतचं काढून मोकळे होऊ नका, कॉन्ट्रॅक्टवर तिचं मूळ गाव लिहिलेलं असतं ते बघा.

-----

नवखा_हाँगकाँगकर
मंगळवार, सकाळी 11:41

आताच बघितलं. गाव मिंदानावमध्ये आहे, मनिलाहून पुढे आणखी एक विमान. एजन्सीवाल्याने मनिलाचंच बुकिंग धरलं होतं. बदलायला सांगतो, पत्रही आजच लिहितो.